उसन्या नावाची साक्ष : ‘द निकेल बॉइज’ आणि सुधारगृहाचे कथन

छळाविषयीच्या साहित्यापुढे एक मूलभूत पेच असतो. ज्याने सर्वाधिक सोसले तो बहुधा बोलावयास उरत नाही. आणि जो बोलतो तो उरलेला असतो, म्हणूनच बोलू शकतो. प्रीमो लेव्ही यांनी ‘द ड्राउन्ड अँड द सेव्ह्ड’ (१९८६) या ग्रंथात नाझी छळछावण्यांच्या संदर्भात हा पेच मांडला. वाचलेले लोक हे पूर्ण अर्थाने साक्षीदार नव्हेत, ते दुसऱ्यांच्या वतीने बोलतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुलांच्या सुधारगृहाबाबत हा पेच अधिकच बिकट होतो; कारण तेथे डांबलेल्या मुलाला स्वतःची भाषा पुरती लाभलेली नसते आणि ‘वाया गेलेला’ असा शिक्का बसल्यामुळे त्याच्या शब्दाला समाजात पतही नसते. कोल्सन व्हाइटहेड या अमेरिकी कृष्णवर्णीय कादंबरीकाराची ‘द निकेल बॉइज’ (२०१९) ही कादंबरी या पेचाला केवळ आशयाच्या पातळीवर नव्हे, तर रूपाच्या पातळीवर भिडते. तिचे महत्त्व एका अन्यायाचा दस्तऐवज एवढ्यापुरते मानणे म्हणजे तिच्या कथनरूपाकडे पाठ फिरवणे होय.

कादंबरीतील निकेल अकादमी काल्पनिक असली, तरी तिचा आधार वास्तवातला आहे. फ्लॉरिडा राज्यातील मारियाना येथे १९०० साली मुलांचे सरकारी सुधारगृह सुरू झाले. पुढे ते ‘डोझियर स्कूल’ या नावाने ओळखले गेले आणि २०११ मध्ये बंद पडले. तेथे ‘व्हाइट हाउस’ नावाच्या एका बैठ्या इमारतीत मुलांना चामडी पट्ट्याने मारले जाई. दशकानुदशके मौन पाळलेले, आता वृद्धत्वाकडे झुकलेले पुरुष एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याविषयी जाहीरपणे बोलू लागले. संस्थेच्या आवारातील दफनभूमीत ३१ क्रूस होते. परंतु साउथ फ्लॉरिडा विद्यापीठाच्या एरिन किमर्ले यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननात ५५ दफने आढळली. अर्थात क्रुसांची संख्या आणि मृतांची संख्या यांचा मेळ नव्हता. हा न जुळणारा हिशेब हेच व्हाइटहेड यांच्या कादंबरीचे आरंभस्थान आहे. तिचे प्रास्ताविक उत्खननापासून सुरू होते. म्हणजेच वाचकाला प्रथम हाडे भेटतात आणि माणसे नंतर.

सुधारगृहाची सैद्धांतिक चर्चा अर्थातच नवी नाही. अर्व्हिंग गॉफमन यांनी ‘असायलम्स’ (१९६१) मध्ये सर्वंकष संस्थेची संकल्पना मांडताना, प्रवेशाच्या क्षणापासून माणसाचे कपडे, वस्तू आणि ओळख कशी हिरावली जाते याचे विश्लेषण केले. मिशेल फूको यांनी १९७५ मधील आपल्या शिक्षाविषयक ग्रंथात, फ्रान्समधील मेत्रे येथील बालगुन्हेगारांची वसाहत ज्या दिवशी उघडली तो २२ जानेवारी १८४० हा दिवस तुरुंगव्यवस्था पूर्णत्वास गेल्याचा दिवस मानला. या दोन्ही विवेचनांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. परंतु दोन्हींत संस्था बोलते आणि मूल हे तिच्या यंत्रणेचे उदाहरण बनते. त्याच मेत्रेमध्ये १९२६ ते १९२९ या काळात राहिलेल्या झाँ जने यांनी ‘मिराक्ल द ला रोज’ (१९४६) मध्ये त्या वसाहतीविषयी लिहिले, तेव्हा त्यात निषेधापेक्षा एक अस्वस्थ करणारी ओढ होती. जेथे आपल्याला मोडले गेले तेच ठिकाण मनाचे घर होऊन बसावे, या विपरीत परिणामाला सिद्धांताच्या चौकटीत सहजी जागा सापडत नाही. तो परिणाम पकडावयाचा, तर मनुष्याच्या आयुष्याचा काळ कथनात यावा लागतो.

व्हाइटहेड यांच्या कादंबरीत तो काळ कसा येतो हे पाहण्यापूर्वी तिच्यातील माराच्या वर्णनाकडे पाहावयास हवे. कारण या प्रकारच्या साहित्यात क्रौर्याचे सविस्तर चित्रण हाच प्रामाण्याचा निकष मानण्याची प्रवृत्ती असते. एलवूड कर्टिस हा टॅलाहॅसीचा अभ्यासू मुलगा. महाविद्यालयीन वर्गाला निघालेला असताना तो नकळत चोरीच्या मोटारीत बसतो आणि निकेलला पोहोचतो. तेथे पहिल्यांदा मार खाण्याची पाळी येते, तेव्हा निवेदन बाहेर वाट पाहणाऱ्या मुलाच्या कानाशी राहते. आत मोठा पंखा घरघरतो, एलवूड इतरांचे फटके मोजतो आणि त्या संख्यांत काही नियम सापडतो का ते शोधतो. नियम सापडत नाही. येथे वेदनेपेक्षा अधिक भयंकर ठरतो तो तिचा अनियम. ग्रिफ या मुष्टियोद्ध्याच्या प्रकरणातही हेच संयमन आहे. ठरल्याप्रमाणे सामना हरण्यात तो चुकतो, रात्री त्याला नेले जाते. पुढची साक्ष देतात ती अर्ध्या शतकानंतर उकरलेल्या मनगटांची मोडलेली हाडे. प्रत्यक्ष क्षण रिकामा ठेवून त्याचा अर्थ विलंबाने हाती देणे, हे या कादंबरीचे कथनसूत्र आहे. आघातानुभव घडतानाच पूर्ण कळत नाही, तो उशिराने परत येतो, असे कॅथी कॅरुथ यांनी १९९६ मध्ये प्रतिपादन केले होते. व्हाइटहेड यांच्याकडे ही विलंबितता पात्राच्या मनापुरती न राहता संहितेची रचनाच होते.

एलवूडचे दुर्दैव असे, की तो दुःखाला अर्थ असतो असे मानतो. मार्टिन लूथर किंग यांच्या भाषणांची ध्वनिमुद्रिका ऐकत तो वाढलेला आहे. मराठी वाचकाला ही श्रद्धा परिचित वाटेल. कारण मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’पासून ‘माझी जन्मठेप’पर्यंत आपल्याकडील तुरुंगसाहित्याचा मोठा भाग राजकीय बंदिवानांचा आहे. राजकीय बंदिवानाला कार्य असते, अनुयायी असतात आणि तुरुंगाच्या भिंतीपलीकडे त्याच्याकडे लागलेले डोळे असतात. एलवूड हा असा बंदिवान होऊ पाहतो. संस्थेतील चोऱ्यांची त्याने केलेली नोंद टर्नरमार्फत सरकारी तपासनिसांच्या हाती पोहोचते. परंतु सुधारगृहात सत्याग्रहाला प्रेक्षक नसतो. परिणामी त्याला अंधारकोठडी मिळते आणि पुढे पळून जात असताना तो गोळीला बळी पडतो.

येथे कादंबरीचा मुख्य उलगडा येतो. न्यूयॉर्कमध्ये सामान वाहतुकीचा व्यवसाय उभा करणारा आणि उत्खननाची बातमी वाचून अस्वस्थ होणारा जो ‘एलवूड कर्टिस’ आपण वाचत आलो, तो वस्तुतः टर्नर आहे : एलवूडचा मित्र, जो वाचला आणि ज्याने मृत मित्राचे नाव धारण केले. या उलगड्यावर एक गंभीर आक्षेप घेता येण्याजोगा आहे. जेथे खऱ्या मुलांची हाडे सापडली, तेथे वाचकाला चकवणे हे यातनेचे रहस्यकथेत रूपांतर करणे नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर उलगड्याच्या परिणामातच शोधावे लागते. रहस्यकथेतील उलगडा कुतूहल शमवतो. येथील उलगडा वाचकाला मागे वळून प्रत्येक पान पुन्हा वाचावयास लावतो. न्यूयॉर्कमधील माणसाचा अबोलपणा, मॅरेथॉनच्या दिवशी निकेलमधील जुना सोबती भेटला असता वाटणारी धास्ती, पत्नीपासूनही राखलेले अंतर, हे सर्व आधी ‘जगलेल्या’ मुलाच्या व्रणांसारखे वाचले गेले होते. आता ते एका कर्जासारखे वाचावे लागते. टर्नर मुळात काहीसा उपरोधिक, जगाकडून फारशी अपेक्षा नसलेला मुलगा. मित्राच्या नावाला शोभेल असे जगण्याची सक्ती तो स्वतःवर लादून घेतो. लेव्ही ज्याला दुसऱ्याच्या वतीने बोलणे म्हणतात, ते येथे रूपक न राहता जन्मभराची वहिवाट होते. गॉफमन यांची संस्था माणसाचे नाव हिरावून घेते; येथे वाचलेला मुलगा स्वतःचे नाव स्वतःच पुरतो, जेणेकरून मेलेल्याचे नाव जमिनीवर राहावे. छळाचा दीर्घ परिणाम एखाद्या मानसिक लक्षणात सामावत नाही. त्याचे खरे स्वरूप असे की, छळातून सुटलेल्याला ‘मी’ हा शब्द निःशंकपणे उच्चारता येत नाही. ही गोष्ट तृतीयपुरुषी निवेदनात लपवून ठेवणे कलात्मकदृष्ट्या अपरिहार्य होते. प्रथमपुरुषी निवेदन पहिल्याच वाक्यात खोटे ठरले असते. रामेल रॉस यांनी २०२४ च्या चित्रपटात कॅमेराच आळीपाळीने दोन्ही मुलांच्या डोळ्यांच्या जागी ठेवला. माध्यम भिन्न असले तरी प्रश्न तोच आहे : कोण कोणाच्या जागेवरून पाहतो?

कादंबरीच्या अखेरीस साक्ष देण्यासाठी टॅलाहॅसीस परतलेला टर्नर एका हॉटेलात जेवावयास बसतो. एलवूडची आजी जेथे काम करीत असे आणि येथे कधी कृष्णवर्णीय माणूस बसेल काय याची लहानगा एलवूड जेथे वाट पाहत असे, तेच हे हॉटेल, आता नव्या नावाने चालणारे. टर्नरला ती जुनी गोष्ट आठवत नाही. तो संदर्भ केवळ वाचकाजवळ उरलेला असतो. फ्लॉरिडाच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये क्षमायाचना केली आणि २०२४ मध्ये दोन कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. परंतु ती भरपाई हयात असलेल्यांसाठी होती आणि कायद्याला याहून वेगळे करणे कदाचित शक्यही नव्हते. जे हयात नाहीत त्यांचा दावा कोणाच्या नावावर मांडावयाचा, हा प्रश्न शिल्लक राहतो. व्हाइटहेड तो प्रश्न सोडवीत नाहीत. साक्षीदाराच्याही विस्मृतीत गेलेली आठवण ते वाचकाच्या हवाली करतात आणि ती सांभाळण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकतात.