ओळखीचे सूर, अनोळखी हात

आजचा विषय गिटारवादक आहे हे कळल्यावर सकाळपासून तीन जणांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडलं का?" सोडलेलं नाही. बोलायचं तेच आहे, उदाहरणं तेवढी गिटारची घेणार आहे.

आधी एक प्रश्न. 1983 साली ‘कलाकार’ नावाचा सिनेमा आला होता. संगीत कल्याणजी-आनंदजींचं. त्यात किशोरकुमारचं निळ्या आभाळाचं गाणं आहे. गिटार हातात घेतलेला आपल्याकडचा प्रत्येक पोरगा पहिल्या दोन महिन्यांत त्याचीच सुरावट वाजवतो. कॉलेजच्या गॅदरिंगला तर हमखास. आता सांगा, मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती गिटार कोणी वाजवली? बघा, एकही हात वर नाही. गायक ठाऊक, संगीतकार ठाऊक, पडद्यावरचा हिरोसुद्धा काहींना आठवेल. ज्या हातांची नक्कल इतकी पोरं करतात, ते हात कोणाचे हे मात्र कोणी विचारलेलं नाही.

‘दुर्लक्षित कलावंत’ म्हटलं की आपण लगेच गळा काढतो. अन्याय झाला, पुरस्कार द्या, चौकाला नाव द्या. मला आज तो सूर लावायचा नाही. कौतुक वेगळं आणि ओळख वेगळी. आपल्या दर्शनांमध्ये प्रत्यभिज्ञेचं एक नेहमीचं उदाहरण देतात, ‘सोऽयं देवदत्तः’, म्हणजे तोच हा देवदत्त. पूर्वी कुठेतरी पाहिलेला ‘तो’ आणि आज समोर उभा असलेला ‘हा’, या दोघांची सांगड बसली की ओळख पटली. गिटारवादकांच्या बाबतीत आपल्याकडे ‘हा’ आहे, पन्नास वर्षं कानात बसलेला आहे. ‘तो’ नाही. सांगड तुटलेली आहे, आणि ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी तुटली आहे असं माझं म्हणणं आहे.

पहिली जागा म्हणजे नाव लिहिलंच गेलं नाही. जुनी तबकडी आठवा. तिच्यावर सिनेमाचं नाव, गायक, संगीतकार, गीतकार. बस्स. वादक कुठेच नाहीत. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात भूपिंदर सिंग, दिलीप नाईक, रमेश अय्यर, सुनील कौशिक असे गिटारवादक होते, आणि बेस गिटारवर टोनी वाझ. ‘यादों की बारात’मधलं, 1973 सालचं, ग्लासच्या किणकिणीने सुरू होणारं गाणं घ्या. आशाबाईंचा आवाज यायच्या आधीच त्या गाण्याची चाल, त्याचा झोका, गिटारने ठरवून टाकलेला असतो. ती गिटार भूपिंदर सिंग यांची. ‘हरे रामा हरे कृष्णा’तल्या त्या गाजलेल्या गाण्यातही तेच. गंमत बघा, भूपिंदर तर प्रसिद्ध माणूस! 2022 मध्ये ते गेले तेव्हा सगळीकडे गझलगायक म्हणून श्रद्धांजली आली. म्हणजे माणूस माहीत, आवाज माहीत, गिटारही माहीत, आणि तरी ही गिटार त्यांची हे बहुतेकांना माहीत नाही.

इथे कोणी म्हणेल, "सर, संगीतकाराने सांगितलं, याने वाजवलं. त्यात याचं काय?" प्रश्न योग्य आहे, तो टाळू नये. स्वररचना संगीतकाराची, हे मान्य. पण कागदावर फार तर स्वर आणि मात्रा लिहिता येतात. तार नखाने छेडायची की बोटाच्या मांसल भागाने, ती किती वेळ वाजू द्यायची, कुठे तळहाताने दाबून मुकी करायची, हे कागदावर नसतं. आणि गाणं सुरू झाल्या झाल्या आपण जे ओळखतो ते नेमकं हेच असतं. म्हणून मी श्रेय संगीतकाराकडून काढून वादकाला द्या असं म्हणत नाही. त्यात वाटेकरी आहे, एवढं मान्य करा असं म्हणतो.

आणि दोष सगळा आपल्या अहंकाराचा नाही. आमच्या पिढीने गाणी ऐकली ती ट्रान्झिस्टरवर. त्याचा स्पीकर तळहाताएवढा. बेस गिटारचे खालचे सूर त्यातून नीट बाहेरच पडत नसत. परवा नातवाने माझ्या कानावर हेडफोन चढवला आणि बर्मनचं एक जुनं गाणं लावलं. खालून कोणीतरी चालतंय, थांबतंय, पुन्हा चालतंय! पन्नास वर्षं पाठ असलेल्या गाण्यात एक अख्खा माणूस मला कधी भेटलाच नव्हता.

दुसरी जागा. नाव लिहिलेलं आहे, आपण ते वाचलं नाही. 1967 सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अनेकांच्या घरी असेल. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. आणि? तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर, आणि गिटारवर ब्रिजभूषण काबरा. नाव वेष्टनावर आहे, लपवलेलं नाही. काबरा हे अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवरून धातूचा तुकडा सरकवायचा, ही मूळची हवाईयन पद्धत. पडद्यांची अडचणच संपली, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड मींड घेता आली. पण सोपी मींड हा मोहही असतो. हातात सरकपट्टी आली की माणूस सगळीकडे घसरतच सुटतो. काबरा तसं करत नाहीत. स्वरावर थांबतात, तो स्थिर होऊ देतात, आणि मगच सरकतात. त्या तबकडीत संतूर थेंबासारखं तुटक, बासरी श्वासासारखी सलग. दोघांना जोडण्याचं काम मधली गिटार करते. ती काढून पाहा मनातल्या मनात, चित्र विस्कटतं.

मग दोन नावं घराघरांत गेली आणि तिसरं का नाही गेलं? गिटार परकी म्हणून, हे उत्तर मला अपुरं वाटतं. शास्त्रीय मैफलीत संतूरही तेव्हा नवखंच होतं. पण संतूर काश्मीरचं, त्यामुळे ते ‘आपलं’ ठरायला वेळ लागला नाही. गिटार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हॉटेलातला बँड यायचा. पुढे विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला 1994 साली ग्रॅमी मिळालं. ते योग्यच झालं. पण मैफलीत गिटारला जागा करून देणाऱ्यांत काबरा त्यांच्या आधीचे, हे आपण सांगत नाही.

याच रांगेत व्हॅन शिपले. त्यांनी इलेक्ट्रिक गिटारवर सिनेमाची गाणी वाजवली, अनेकदा पुण्याच्या एनॉक डॅनिअल्स यांच्या ॲकॉर्डियनसोबत. इथे मी थोडा हात आखडता घेईन. त्या तबकड्यांमधलं बरंचसं काम नकलेचं आहे, गायकाची जागा जशीच्या तशी उचललेली, साथीचा ठेका एकसुरी. पण शब्द नसताना गाण्यातला श्वास कुठे घ्यायचा हे शिपलेंना कळत होतं. दुर्लक्षित आहे म्हणून सगळंच थोर, असं समीक्षकाने म्हणू नये. तसं म्हटलं तर आपण पुन्हा न ऐकताच निकाल दिला असं होईल.

तिसरी जागा. सूर आपल्या कानांपर्यंत पोचलेच नाहीत. अमान्सिओ डिसिल्वा, गोव्याच्या कुटुंबातला, 1936 साली मुंबईत जन्मलेला गिटारवादक. 1967 मध्ये तो लंडनला गेला. 1969 मध्ये त्याची ‘इंटिग्रेशन’ आली, आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्यासोबतची ‘हम दोनो’. हो, नाव हिंदीच! तिच्यात ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची रचना आहे. त्या काळी लंडनमध्ये भारतीय संगीत आणि जॅझ यांची मोट बांधायचे बरेच प्रयोग चालले होते. हॅरियट आणि कोलकात्याचे जॉन मेयर यांच्या वाद्यवृंदात तबल्यावर आपले केशव साठे होते. पण अशा प्रयोगांत पुष्कळदा एक तुकडा इकडचा, एक तिकडचा, असे ठिगळ दिसतं. डिसिल्वाच्या वाजवण्यात ते दिसत नाही. तो एकेका तारेवर सुरावट लांबवतो, जॅझवाले जिथे झपाझप स्वरसमूह बदलतील तिथे एकाच आधारस्वराभोवती फिरतो. दोन्ही भाषा त्याच्या घरच्या आहेत. 1972 मध्ये त्याने ‘कोंकण डान्स’ ध्वनिमुद्रित केली. ती बाहेर आली 2006 साली. तो वारला 1996 मध्ये. कोकणचं नाव घेतलेली तबकडी, आणि मराठी संगीतसमीक्षेत तिच्याबद्दल मी चार ओळी वाचल्याचं मला आठवत नाही. हिंदी सिनेमाच्या वादकांवरचं मोठं पुस्तक 2008 साली लिहिलं तेही ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने. त्यांनी मुंबईत येऊन वादकांना समोर बसवून विचारलं. आपण जवळ असून विचारलं नाही.

आता मी स्वतःचं सांगतो, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांवर ढकलल्यासारखं होईल. 1978 च्या सुमाराला मी नवखा प्राध्यापक होतो. जळगावात गणपतीत एका ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम झाला. भर गाण्यात लाइट गेली. माइक बंद. गिटारवाला साध्या गिटारवर न थांबता वाजवत राहिला, ताल सुटू दिला नाही, आणि त्याच्या आधाराने गायकाने गाणं पुरं केलं. मी एका साप्ताहिकात परीक्षण लिहिलं: "गायकाने प्रसंगावधान राखले." पुढच्या आठवड्यात तो गिटारवाला कात्रण घेऊन कॉलेजात आला. दिवसा जिनिंगमध्ये कामाला होता, कपड्यांवर कापूस तसाच. म्हणाला, "सर, अंधारात गाणं कोणी धरून ठेवलं ते तुम्हाला ऐकू आलं होतं ना?" मी म्हटलं, "हो, आलं होतं." "मग झालं," म्हणाला, आणि गेला. मी दुरुस्ती छापली नाही. आज इथे त्याचं नाव घ्यावं असं फार मनात होतं. घेता येत नाही, कारण ते मी तेव्हाही विचारलं नव्हतं.

या गावची लेक बहिणाबाई. त्यांची गाणी तोंडी होती. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ती उतरवून घेतली, अत्र्यांनी आग्रह धरला, आणि 1952 साली पुस्तक आलं. वही समोर होती म्हणून ‘तोच हा’ म्हणता आलं. आपल्या जिल्ह्यात ऑर्केस्ट्रात, बँडमध्ये, लग्नात गिटार वाजवलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. कोण कुठे वाजवायचं, कोणाकडे शिकलं, एवढं जरी कोणी लिहून घेतलं तरी पुढच्या समीक्षकाला धरायला काहीतरी राहील. आणि त्या जिनिंगमधल्या माणसाला कोणी ओळखत असेल, तर कार्यक्रमानंतर मला जरूर भेटा.

थांबतो. आता प्रश्न घेऊ.