पाणीवांटपाचे दोन निवाडे : एक वाचन

नदीच्या पाण्याचे निवाडे हा वाङ्मयीन मासिकाचा विषय आहे काय, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. परंतु ज्या लेखनावर लक्षावधि कुटुंबांची भाकरी अवलंबून आहे, त्यांतले शब्द जपून वाचावयाचे नाहींत, तर वाचनाची विद्या शिकावयाची तरी कशासाठीं? शिवाय आमच्या नगर जिल्ह्यास (2024 पासून अहिल्यानगर) या वाचनाचा विशेष अधिकार आहे. अकोलें, संगमनेर, राहुरी, नेवासें या तालुक्यांचें पाणी प्रवरा-मुळेच्या वाटेनें गोदावरीस मिळतें. श्रीगोंदें-कर्जतकडील पाणी भीमेंतून कृष्णेस जातें. एका जिल्ह्यास दोन निवाडे लागू, आणि दोन्ही लवादांचे अध्यक्ष न्यायमूर्ति बचावत हेच!

अध्यक्ष एक, पण लेखनाची रीत दोन. कृष्णेचा निवाडा (1973, अंतिम 1976) हिशेबनिसाचा आहे : महाराष्ट्रास 560, कर्नाटकास 700 व आंध्रास 800 अब्ज घनफूट. याहून अधिक पाणी आल्यास तें वापरण्याची आंध्रास मोकळीक दिली, मात्र त्यावर हक्क उत्पन्न होणार नाहीं असें बजावलें. 'मोकळीक' आणि 'हक्क' यांतील हा भेद कागदावर सुबक दिसतो. पण मोकळिकीच्या पाण्यावर एकदां कालवा खोदला कीं शेतकरी त्यास हक्कच म्हणणार. झालेंही तसेंच. 2004 सालीं कृष्णेसाठीं दुसरा लवाद नेमावा लागला.

गोदावरीचा 1980 चा निवाडा आम्हांस अधिक सरस वाटतो, कारण त्याचा मोठा भाग राज्यांनीं आपसांत केलेल्या करारांचा आहे. 6 ऑक्टोबर 1975 च्या करारानें पैठण धरणस्थळापर्यंतचें सर्व पाणी महाराष्ट्राचें ठरलें, आणि त्याखालीं पोचमपाडपर्यंत नव्या योजनांसाठीं 60 अब्ज घनफुटांची मर्यादा महाराष्ट्रानें स्वतः मान्य केली. हक्क कोणीं सोडला नाहीं. हात मात्र आपखुषीनें बांधून घेतले. पुढें बाभळी बंधाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, तेव्हां 2013 सालीं याच कराराच्या आधारें तो मिटला.

या लेखनांतील उणीव अशी कीं, त्याला फक्त राज्यें दिसतात. 'पैठणपर्यंतचें सर्व पाणी' हे शब्द प्रथम वाचतांना प्रस्तुत लेखकासही, नगरचा म्हणून, आनंदच झाला होता : पैठणच्या वर आम्हीच तर आहों! पुन्हा वाचतां चूक कळली. तें पाणी वरच्या तालुक्यांस दिलेलें नसून महाराष्ट्रास दिलेलें आहे, आणि 'पर्यंत' या शब्दांत पैठणचें धरणही येतें. आंध्रापुढें हक्क सांगतांना मराठवाडा आपला, आणि पाणी सोडावयाच्या वेळीं परका, असा अर्थ त्या वाक्यांतून निघत नाहीं.

राज्यांच्या करारानें जें सांगितलें नाहीं, तें 2005 च्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमानें सांगितलें : खोऱ्यांतील तूट सर्वांनीं सारखी सोसावी. 2014 च्या आदेशानें त्यास आंकडा दिला. 15 ऑक्टोबरला जायकवाडींत उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांनीं पाणी सोडावें. 2016 सालीं मुंबई उच्च न्यायालयानें हें तत्त्व उचलून धरिलें.

आमच्या बाजूच्या तक्रारी सर्वच खोट्या नाहींत. भंडारदऱ्याचें धरण 1926 चें; त्याच्या पाटावर पिढ्या वाढल्या. सोडलेलें पाणी कोरड्या पात्रांत मुरतें, आणि पैठणचा जलाशय उथळ व पसरट असल्यानें तेथेंही पुष्कळ पाणी उन्हानें आटतें. पण त्याच कायद्याचें 14 वें कलम बारमाही पिकांस ठिबक किंवा तुषार सिंचनाची अट घालतें, आणि ऊंस तर नदीच्या वरही आहे, खालींही आहे. पाण्यावरील सभांतून, नगरकडे काय नि मराठवाड्याकडे काय, 12 वें कलम आम्हीं अनेकदां ऐकिलें. 14 वें क्वचित्.