दामूअण्णांचे डोळे

दामूअण्णा मालवणकर यांचे नाव निघाले, की जुन्या पिढीतला माणूस प्रथम हसतो आणि मग त्यांच्या तिरळ्या डोळ्याविषयी बोलू लागतो. त्यांच्या भूमिका, त्यांची शब्दफेक, रंगभूमीवर त्यांनी घालवलेली उमेदीची वर्षे, हे सारे नंतर येते आणि पुष्कळदा येतही नाही. एखाद्या नटाचा एक अवयवच त्याच्या साऱ्या कर्तृत्वाच्या पुढे येऊन उभा राहावा, हे त्याचे भाग्य म्हणायचे की दुर्दैव? हा प्रश्न मला काही वर्षांपूर्वीपर्यंत पडलेला नव्हता. तो का पडला, हे पुढे सांगणार आहे.

दामूअण्णांना मी प्रथम पाहिले ते खोपोलीत. आमच्या वसाहतीत तेव्हा एकच दूरदर्शन संच होता. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागे आणि ज्यांच्या घरी संच त्यांच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडे. तिथे ‘ब्रँडीची बाटली’ पाहिला. दामूअण्णांचा चेहरा पडद्यावर आला आणि आम्ही पोरे खिदळलो. पण अर्ध्या तासाने आम्ही त्या डोळ्याला हसत नव्हतो. हसतच होतो, परंतु दुसऱ्याच कशाला तरी. काय बदलले, हे सांगण्याचे त्या वयात सामर्थ्य नव्हते. आज प्रयत्न करून पाहतो.

मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली कोल्हापुरात हंस पिक्चर्सची स्थापना केली. आरंभी वि. स. खांडेकरांच्या लेखणीतून ‘छाया’सारखा गंभीर सामाजिक चित्रपट त्यांनी दिला. पुढे आचार्य अत्रे या संस्थेसाठी लिहू लागले आणि १९३८ साली ‘ब्रह्मचारी’ने मराठी पडद्यावर विडंबनाचे एक नवे दालन उघडले. दुसऱ्याच वर्षी ‘ब्रँडीची बाटली’ आला. दामूअण्णा ‘ब्रह्मचारी’तही होते. ‘ब्रँडीची बाटली’त मात्र सारा चित्रपटच त्यांच्या खांद्यावर होता. रंगभूमीवर त्यांचा दबदबा त्याआधीपासूनच होता. गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तला त्यांचा कामण्णा जुन्या नाट्यरसिकांच्या तोंडी दीर्घकाळ होता. तरीही चाळिशी उलटलेल्या, तिरळ्या डोळ्याच्या नटाला चित्रपटाचा केंद्रपुरुष करायचे, हे त्या काळी धाडसच होते.

चित्रपटाचे कथासूत्र दोन वाक्यांत सांगता येते. बगाराम हा नगरपालिकेतला साधाभोळा कारकून. जिच्यावर त्याचे मन बसले आहे, तिच्या घरच्या आजारी माणसासाठी औषध म्हणून ब्रँडी हवी असते, आणि ब्रँडी म्हणजे काय, ती कोठे मिळते, याचा गंधही नसलेला हा गृहस्थ बाटलीच्या शोधात निघतो. (आपल्या घरांतून सर्दीपडशावर चमचाभर ब्रँडी देण्याची पद्धत मुरलेली असल्याने बगारामचे अज्ञान आपल्याला जरा जास्तच गमतीचे वाटते, हे कबूल केले पाहिजे.) चित्रपट आला त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९३९ रोजी, मुंबईत दारूबंदी लागू झाली. तेव्हा प्रेक्षकाच्या दृष्टीने तो विषय अगदी दारातलाच होता.

आता या कथेत डोळ्याचे काम काय? नीट पाहिले तर काहीच नाही. बगारामचे डोळे सरळ असते, तरी त्याची फजिती इतकीच झाली असती. ती उद्भवते त्याच्या निरागसपणातून आणि भिडस्तपणातून. आपण त्या बाईच्या उपयोगी पडावे, या त्याच्या आटापिट्यातून ती वाढत जाते. अत्र्यांनी या माणसाला नोकरी दिली, मनात एक इच्छा दिली आणि हाती एक काम दिले. माणसाला एवढे मिळाले, की प्रेक्षक त्याच्याबरोबर चालू लागतो. त्याला बाटली मिळेल की नाही याची काळजी आपल्याला लागते, आणि ज्याची काळजी वाटते त्याच्या व्यंगाकडे पाहायला वेळ उरत नाही. आम्ही पोरे अर्ध्या तासाने वेगळे हसू लागलो, ते यामुळे.

हाच अनुभव १९४० सालच्या ‘लग्न पहावं करून’ मध्ये अधिक स्पष्टपणे येतो. हा नवयुगचा चित्रपट, दिग्दर्शक पुन्हा विनायकच. त्यात दामूअण्णा झाले चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि विष्णुपंत जोग झाले गुंड्याभाऊ. पाली भाषेचा व्यासंग करणाऱ्या एका विद्वान लेखकाने पुण्याच्या मध्यमवर्गातून उचललेली ही जोडी वाचकांना घरच्या माणसांसारखी ठाऊक होती. अशा पात्राला चेहरा देणे मोठे जोखमीचे, कारण प्रत्येक वाचकाच्या मनात त्याचा स्वतःचा चिमणराव असतो. चिमणराव तिरळा असावा अशी त्या कथांची मुळीच गरज नाही. पुढे, सत्तरीच्या दशकात, दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव साकारला. तो डोळ्यांनी सरळ होता, आणि तोही महाराष्ट्राने तितक्याच प्रेमाने आपला मानला. याचा अर्थ दामूअण्णांच्या चिमणरावातही डोळा हा पाहुणाच होता. यजमान होता तो घरची लग्ने जुळवताना मेटाकुटीला आलेला, अब्रूला जपणारा, गुंड्याभाऊच्या धडाडीपुढे दबून जाणारा संसारी मनुष्य.

योगायोग असा, की ज्या १९४० साली दामूअण्णा चिमणराव झाले, त्याच वर्षी १ जुलै रोजी अमेरिकेत एका दुसऱ्या तिरळ्या विनोदी नटाचा अंत झाला. त्याचे नाव बेन टर्पिन. आपल्या वाचकांना त्याची ओळख करून द्यावी अशी दोन कारणे आहेत. एक तर तो हॉलिवुडच्या अगदी आरंभीच्या नटांपैकी. आणि दुसरे, तो श्रद्धावान कॅथलिक होता.

टर्पिनचा जन्म १८६९ सालचा, न्यू ऑर्लिन्सचा. फिरत्या रंगमंचावर वर्षानुवर्षे काढून १९०७ साली तो शिकागोच्या एस्सने कंपनीत शिरला. तिथे अभिनयाबरोबर झाडलोटीचे कामही त्याच्याकडे होते. १९०९ सालच्या ‘मिस्टर फ्लिप’ या छोट्या चित्रपटात त्याच्या तोंडावर पाय हा गोड पदार्थ येऊन आदळतो. पुढे साऱ्या मूक विनोदपटांनी झिजवून टाकलेल्या त्या युक्तीचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण मानले जाते. १९१५ साली तो चार्ली चॅप्लिनबरोबर काही चित्रपटांत चमकला आणि १९१७ पासून मॅक सेनेटच्या कंपनीत त्याचे खरे दिवस आले. रंगमंचावर एका तिरळ्या पात्राची भूमिका करताना रोज डोळे फिरवून फिरवून ते तसेच राहिले, असे तो सांगत असे. डोळे सरळ झाले तर भरपाई मिळावी म्हणून त्याने पंचवीस हजार डॉलरचा विमा उतरवल्याची बातमीही तेव्हा पसरवली गेली. यात खरे किती आणि जाहिरात किती, हा भाग वेगळा.

नट म्हणून टर्पिन सामान्य नव्हता. कोलांट्या घेण्यात आणि अंग झोकून पडण्यात त्याची बरोबरी करणारे थोडे. शिवाय त्याची एक खुबी मला फार मोलाची वाटते. तो प्रणयी नायकाची भूमिका पूर्ण गांभीर्याने करी. रुडॉल्फ व्हॅलेंटिनोच्या ‘द शेख’वर बेतलेल्या १९२३ सालच्या ‘द श्रिक ऑफ अरबी’ या विडंबनात तो आपण जगातले सर्वांत देखणे पुरुष आहोत अशा थाटात वावरतो. आपल्या डोळ्यांची त्याला दादच नसते. इथपर्यंत तो आणि दामूअण्णा एकाच जातीचे नट आहेत. फरक आहे तो त्यांना मिळालेल्या लेखकांत. टर्पिनच्या पात्राला नोकरी नाही आणि लग्नाची बहीणही नाही. प्रसंग कोणताही असो, शेवटी कॅमेरा त्याच्या डोळ्यांजवळ जातो आणि विनोद तिथे संपतो. त्याच्या अखेरच्या चित्रपटात, लॉरेल आणि हार्डी यांच्या ‘सॅप्स अॅट सी’ मध्ये, तर हे अगदी उघडे पडते. घरातल्या नळांची आणि तारांची उलटसुलट जोडणी झालेली असते आणि ती करणारा कारागीर म्हणून क्षणभर टर्पिनचा चेहरा दिसतो. बस्स. त्याने काही बोलायची, करायची गरज नाही. तेहतीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर त्याच्याकडून एवढेच मागितले गेले.

त्याच्याविषयीची एक हकीकत मला विसरता येत नाही. टर्पिनची श्रद्धा ठाऊक असल्याने सहकारी त्याला चिडवायचे, की तुझे डोळे सरळ व्हावेत म्हणून आम्ही आता प्रार्थना करणार! डोळे सरळ झाले तर पोट कशावर भरायचे, ही धास्ती त्याला होती आणि प्रार्थनेला फळ येते यावर त्याचा विश्वासही होता. ही गोष्ट विनोद म्हणूनच सांगितली जाते. परंतु ज्या मनुष्याला बरे होण्याचीच भीती वाटावी, त्याला आपल्या हास्याने आपण कोठे नेऊन ठेवले, असे मनात आल्यावाचून राहत नाही. हाच मनुष्य पत्नी आजारी पडताच ऐन भरातली कारकीर्द बाजूला ठेवून तिच्या शुश्रूषेला लागला. १९२५ साली ती वारली. पडद्यावर त्याला असे घर कधी मिळाले नाही.

आता माझ्याकडे येतो. तेरा वर्षांपूर्वी, कर्जत-खालापूर भागातल्या एका छोट्या धर्मग्रामात नाताळची नाटिका बसवण्याचे काम मजकडे होते. मुलांत नऊ वर्षांचा एक मुलगा होता, एका डोळ्याने तिरळा. मी त्याला बेथलेहेमच्या धर्मशाळेच्या मालकाची भूमिका दिली. वाक्य एकच: जागा नाही, पुढे जा. आणि मी त्याला मुद्दाम सांगितले, की योसेफाकडे रोखून बघ आणि म्हण. परिणाम काय होईल हे मला पक्के ठाऊक होते. तो योसेफाकडे बघू लागला, प्रेक्षकांना वाटले गाढवाकडे बघतोय, आणि सारा मंडप हसून लोटपोट झाला. फादरही हसले. मला दिग्दर्शनाची शाबासकी मिळाली. मुलाची आजी तेवढी नंतर जवळ येऊन म्हणाली, “सर, त्याने वाक्य पाठ केलं होतं हो. चार दिवस घोकत होता.” मी म्हटले, “छानच म्हटलं त्यानं, आजी.” त्यावर ती काही बोलली नाही.

तिरळेपणाकडे लहान वयातच लक्ष दिले नाही, तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र घेईनासा होतो आणि दृष्टी मंदावत जाते, ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. त्या मुलाचा डोळा त्या वर्षी मी सर्वांहून बारकाईने पाहिला होता. पाहिला तो नाटिकेसाठी. डॉक्टरांना दाखवा, असे त्याच्या घरी सांगण्याचे मला सुचले नाही.

या अपराधाची टोचणी लागल्यावर मी दामूअण्णांकडे नव्याने वळलो, हे वाचकांपासून लपवीत नाही. म्हणून माझ्या मूल्यमापनात पक्षपात असण्याचा संभव आहे. आपला मराठी विनोद व्यंगाला हसत नाही, असा दावा मला करायचा नाही. तोतरा, बहिरा, चकणा, कुबडा ही आपल्या रंगभूमीची हक्काची गिऱ्हाइके आहेत आणि जत्रेच्या तमाशापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत त्यांच्या नावावर हशा वसूल केला जातो. दामूअण्णांनाही आपल्या डोळ्याची किंमत ठाऊक होती. ती त्यांनी वसूल केली नाही असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. चेहरा दिसताच पहिला हशा येणार, हे जाणूनच ते रंगमंचावर पाऊल टाकत असले पाहिजेत. मात्र त्या पहिल्या हशावर ते थांबले नाहीत, आणि अत्रे, चिं. वि. जोशी व विनायक यांनी त्यांना थांबू दिले नाही. मी त्या मुलाला एकच वाक्य दिले आणि तिथेच थांबवले. माझ्या धर्मशाळेच्या मालकाला जागा नाकारण्याचे कारण नव्हते, वाईट वाटणे नव्हते, दिवा घेऊन पुन्हा बाहेर डोकावणे नव्हते. यातले एक जरी दिले असते, तरी मंडप कदाचित वेगळा हसला असता.

तो मुलगा आता बावीस वर्षांचा आहे. खोपोलीजवळच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. गेल्या पावसाळ्यात गाड्या उशिराने धावत होत्या, तेव्हा कर्जत स्थानकावर भेटला आणि माझ्याबरोबर घरी आला. चहा होईपर्यंत मी त्या नाटिकेचा विषय काढला. क्षमा मागायची होती, ती नीट जमली नाही. तो म्हणाला, “लोक कशाला हसले ते मला त्या दिवशी कळलंच नाही, सर. मला वाटलं, मी वाक्य चुकलो.”

मग बराच वेळ आम्ही पाऊस ऐकत बसलो. गाडीला अवकाश होता, म्हणून मी ‘ब्रँडीची बाटली’ लावला. दामूअण्णा दिसले तेव्हा मी चोरून त्याच्याकडे पाहिले. तो थोडा पुढे सरकून बसला होता. डोळ्याबद्दल तो काही बोलला नाही. बगाराम बाटलीच्या शोधात निघाला, तशी गाडीची वेळ होत आली. तो उठला, छत्री उचलली, आणि दारात थांबून त्याने विचारले,

“सर, मिळते का हो त्याला शेवटी?”