तांब्याचा पत्रा आणि त्याचा टीकाकार

जे. पी. होल्मन यांच्या ‘हीट ट्रान्सफर’ या पाठ्यपुस्तकातलं पहिलं सोडवलेलं उदाहरण तांब्याच्या पत्र्याचं आहे. जाडी 3 सेंटिमीटर, एक बाजू 400 अंश सेल्सिअस, दुसरी 100. पत्र्यातून उष्णता किती जाईल? तांब्याची वाहकता 370 धरायची, तापमानांच्या फरकानं गुणायचं, जाडीनं भागायचं. उत्तर दर चौरस मीटरला 3.7 मेगावॅट. पोलादाचं गाव असलेल्या भिलाईत वाचणाऱ्याला हा आकडा कोरडा वाटत नाही. झोतभट्टीत तापलेली हवा ज्या तोट्यांतून आत सोडतात त्या तांब्याच्याच असतात, आतून पाणी खेळवलेल्या. तांबं उष्णता इतक्या झपाट्यानं पाण्याकडे पोचवतं, म्हणूनच त्या तोट्या आगीत टिकतात.

मला रस आहे तो या पुस्तकाच्या शेजारी उभ्या राहिलेल्या दुसऱ्या पुस्तकात. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पानं ‘टेक्स्टबुक कम्पॅनियन’ नावाचं काम देशभरच्या महाविद्यालयांत नेलं. विद्यार्थ्यानं एक पाठ्यपुस्तक निवडायचं आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम लिहून पुन्हा सोडवायची. निधी केंद्र सरकारचा, विद्यार्थ्याला मानधन, आणि तयार झालेलं सगळं कुणालाही फुकट. मॅटलॅब या विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना न परवडणाऱ्या महाविद्यालयांसाठी ही केवढी मोठी सोय झाली! होल्मन, पी. के. नाग, बालगुरुसामी अशा लेखकांची नेहमीच्या अभ्यासातली कितीतरी पुस्तकं या वाटेनं गेली.

यातलं कुठलंही कम्पॅनियन उघडा. मुखपृष्ठावर विद्यार्थ्याचं नाव, पदवी, महाविद्यालय, मार्गदर्शक शिक्षक आणि तपासणारा. पुढच्या पानावर मूळ पुस्तकाचा लेखक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष. मग क्रमांकांची रीत सांगितलेली, म्हणजे कुठला प्रोग्रॅम मूळ पुस्तकातल्या कुठल्या उदाहरणाचा हे लगेच कळावं. त्यानंतर प्रोग्रॅमची यादी आणि मग थेट प्रोग्रॅम. प्रश्न कुठेच छापलेला नाही! तो मूळ पुस्तकात आहे, तिथे जाऊन वाचायचा. या संयमानं मी पहिल्यांदा भारावलो. टीकाकारानं मूळ ग्रंथ गिळून टाकायचा नसतो, वाचकाला पुन्हा त्याच्याकडे धाडायचं असतं, ही आपल्याकडची जुनी शिस्त विशीतली मुलं इथे सहज पाळतात.

प्रोग्रॅमची घडणही पाहण्यासारखी. चांगला लिहिणारा आधी दिलेल्या राशी मांडतो, प्रत्येकीपुढे कॉमेंटमध्ये तिचं एकक लिहितो, मग सूत्र, मग उत्तर. छापील गणितात दोन ओळींमधली जी पायरी लेखकानं ‘उघड आहे’ म्हणून सोडलेली असते ती इथे सोडताच येत नाही, कारण यंत्राला काहीच उघड नसतं. वहीत उत्तर उतरवून घेणाऱ्या मुलाला ही सक्ती कधी भेटत नाही. प्रोग्रॅम लिहिताना मात्र आपल्याला कुठली पायरी कळलेली नव्हती ते त्याला पहिल्याच फटक्यात कळतं.

काही कम्पॅनियनमध्ये एखाद्या प्रोग्रॅमच्या शेवटी एक लहानशी कॉमेंट असते: पुस्तकातलं उत्तर चुकलं आहे. कधी सौम्यपणे, मधल्या पायऱ्यांवर आकडे पूर्णांकित केल्यानं फरक पडला आहे, असं. मला या सगळ्या उद्योगाचं सौंदर्य या ओळीत एकवटलेलं दिसतं. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती मूळ ग्रंथावरच्या निष्ठेपोटी. तृतीय वर्षाचा विद्यार्थी नामवंत लेखकाचं उत्तर चूक म्हणतो, तेही निष्ठेनंच. पुस्तकाला हात लावत नाही, शेजारी नोंद ठेवतो, आणि ती तपासता यावी म्हणून सगळी आकडेमोड उघडी ठेवतो. पटत नसेल तर प्रोग्रॅम चालवून पाहा! परीक्षेत पुस्तकातल्या उत्तराशी जुळेना म्हणून स्वतःचं बरोबर उत्तर खोडणाऱ्या मुलांना हे कुणीतरी दाखवायलाच हवं.

सगळंच काम या उंचीचं नाही. काही ठिकाणी मधली किंमत न काढता पुस्तकातून उचलून थेट लिहिलेली असते, आणि मग पुढची शुद्धता पोकळ ठरते. कुठे राशींना नुसती ए, बी, सी अशी नावं. उलट उत्तम जागाही भेटतात. पुस्तकात अंदाज घेत, पुन्हा पुन्हा किंमत घालून सोडवलेलं समीकरण इथे ‘एफसॉल्व्ह’ या एका आज्ञेत सुटतं, आणि पानभर आकड्यांखाली दडलेली भौतिकीची कल्पना मोकळी दिसते.

फॉसीनं हे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालवायची सोयही केली. स्वतःच्या संगणकावर काही बसवावं लागत नाही. पुस्तक, प्रकरण, उदाहरण निवडा, वाटल्यास आकडे बदला. तांब्याऐवजी कार्बन पोलादाची वाहकता, साधारण 43, घातली तर 3.7 मेगावॅटचे 0.43 होतात. पोलादाच्या गावातल्या मुलानं हा बदल स्वतः करून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

भिलाईतल्या छत्तीसगड स्वामी विवेकानंद तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी घरातल्या मुलाचं पुस्तक इंग्रजी, वर्गातलं बोलणं बरंचसं हिंदी, घरी वऱ्हाडी. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलचे सायलॅबवरचे धडे मराठी आवाजातही आहेत. पडद्यावरच्या आज्ञा इंग्रजीच राहतात, फक्त निवेदन मराठीत होतं, आणि धडा एका बाजूला व सायलॅब दुसऱ्या बाजूला उघडून सोबतच करत जायचं. ते धडे ऐकून एखादं कम्पॅनियन हाती घ्यावं आणि त्यातल्या ‘उत्तर चुकलं आहे’ या नोंदी आधी तपासाव्यात. काही नोंदीच चुकलेल्या निघतील, आणि त्या दुरुस्त करायला पुढचा विद्यार्थी लागेलच.