राष्ट्रीय फुटबॉल लीगची आंतरराष्ट्रीय स्पर्धाक्षमता : गोव्यातील क्लबांच्या संदर्भात एक चिकित्सा

भारतीय क्लब फुटबॉल आशियात मागे का पडले, या प्रश्नाला बहुधा पैशाचा अभाव हे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. १९९६ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय फुटबॉल लीग व २००७ पासूनची आय-लीग यांत २००६-०७ ते २०१२-१३ या सलग सात हंगामांचे विजेतेपद गोव्यातच राहिले : धेंपो चार वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा आणि साळगावकर एकदा. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपोने २००८ मध्ये ए.एफ.सी. चषकाची उपान्त्य फेरी गाठली. ही आशियातील दुय्यम स्पर्धा होती हे खरे; परंतु संघाचा कणा गोव्याच्या मातीतील खेळाडूंचा होता, ही बाब दुय्यम नव्हे.

या व्यवस्थेतही मोठा दोष होता. क्लब प्रेक्षकांच्या नव्हे, उद्योगसमूहांच्या आश्रयावर जगत. २००५-०६ चा विजेता मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, तो मैदानावर हरला म्हणून नव्हे. गोव्यातही खाण उद्योगाशी जोडलेला आश्रय २०१२ च्या खाणबंदीनंतर डळमळीत झाला.

२०१० मध्ये अखिल भारतीय महासंघाने पंधरा वर्षांचा सुमारे ७०० कोटी रुपयांचा व्यापारी करार केला व त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग अवतरली. पैसा आला, प्रेक्षक आले. मात्र शिडी काढून घेतली गेली. लीगमधील प्रवेश गुणवत्तेवर नव्हे, शुल्कावर ठरला. निषेध म्हणून धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. बढतीने पहिला संघ वर आला तो २०२३ मध्ये, पंजाबचा; पदावनती तेव्हाही नव्हती. तळाच्या संघाला घसरणीचे भय नसेल, तर स्थानिक खेळाडू घडविण्याची निकड कोठून येणार?

आरंभी मैदानावरील अकरांपैकी सहा खेळाडू परदेशी असू शकत. साहजिकच आघाडीची जागा त्यांच्याकडे गेली. त्याचे परिणाम आशियात दिसले. मुंबई सिटीने २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमधील भारतीय क्लबचा पहिला विजय मिळविला खरा; पण २०२३-२४ मध्ये त्याच संघाने गटातील सहाही सामने गमावले. राष्ट्रीय संघाला तर २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिसाव्या वर्षी, २०२५ मध्ये, परत बोलवावे लागले. तरीही सिंगापूरकडून हरल्याने २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता हुकली.