‘एआयचे टक्के’ मोजून जबाबदारी शिकवता येते का?

पेट-नेटची तयारी करताना तुमच्या कानावर आलंच असेल की लेखनात ‘एआय’ अमुक टक्क्यांच्या खाली हवं. वर्गात जबाबदारीने एआय वापरायला शिकवणं म्हणजे निबंध डिटेक्टरमध्ये टाकून आकडा बघणं, असं होत चाललंय. मला हे पटत नाही. का, ते एका शोधनिबंधातून पाहू.

२०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या वेइशिन लियांग आणि सहकाऱ्यांनी ‘पॅटर्न्स’ या नियतकालिकात हा अभ्यास मांडला. सात डिटेक्टर घेतले. एकीकडे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेलचे ९१ निबंध, दुसरीकडे अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे ८८. सगळे माणसांनीच लिहिलेले. अमेरिकी मुलांचे निबंध जवळपास अचूक ओळखले गेले. टोफेलचे मात्र सरासरी ६१ टक्के निबंध ‘एआयचे’ ठरले!

असं का झालं? हे डिटेक्टर मुख्यतः पुढचा शब्द किती अनपेक्षित आहे ते मोजतात. परक्या भाषेत आपण सोपे, ठरलेले शब्द वापरतो, आणि यंत्राला तेच संशयास्पद वाटतं. गंमत म्हणजे, याच निबंधांची भाषा चॅटजीपीटीकडून भारदस्त करून घेतल्यावर चुकीचे शिक्के खूप कमी झाले. म्हणजे एआय वापरणारा सुटला, न वापरणारा अडकला. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी याचा विचार करायलाच हवा.

पण या अभ्यासाच्याही मर्यादा आहेत. नमुना लहान आहे. टोफेलचे निबंध एका चिनी शैक्षणिक मंचावरून घेतलेले आहेत. साधनंही तेव्हापासून बदलली आहेत. त्यामुळे ६१ हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की डिटेक्टरचा आकडा हा पुरावा नाही, अंदाज आहे.

इथे एक गल्लत टाळा. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतले टक्के साम्याचे आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. तिथे मूळ मजकूर शेजारी ठेवून पडताळता येतो. डिटेक्टरच्या आकड्यामागे असा मूळ मजकूरच नसतो. मग विद्यार्थ्याने स्वतःचा बचाव करायचा कसा?

मग वर्गात काय शिकवावं? एआयकडून पाच संदर्भ मागवा आणि प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात शोधायला लावा. जो सापडत नाही तो खोटा असू शकतो, हे मुलांना तिथेच कळेल. एआय कुठे आणि कशासाठी वापरलं, हे दोन ओळींत लिहून घ्या. कच्चे मसुदे मागा, आणि पाच मिनिटं तोंडी प्रश्न विचारा. ऐंशी मुलांच्या वर्गात हे जड जातं, मान्य आहे. पण मग दर वेळी दहा जणांना विचारा.

आणि तुम्ही? आजपासून मसुदे तारखांसह जपून ठेवा. उद्या कुणी शिक्का मारलाच, तर तुमच्या बाजूने तेच बोलतील.