पालेकरांचा ‘आक्रीत’ आणि आपला सोयीचा नमुना
गोंदियात कुणासमोरही अमोल पालेकर म्हणा, उत्तर येतं ‘गोलमाल’. 1979 चा सिनेमा, मिशी असली की सरळमार्गी, नसली की छंदीफंदी. साहजिकच आहे. पण रिसर्चच्या भाषेत याला सोयीचा नमुना म्हणतात: जे हाताशी लागलं, त्यावरूनच अख्ख्या माणसाबद्दल निष्कर्ष.

आता हे बघा. दोनच वर्षांनी, 1981 मध्ये, दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट आला ‘आक्रीत’. पटकथा विजय तेंडुलकरांची, आधार मानवतच्या हत्याकांडाचा. आणि मुख्य भूमिकेत स्वतः पालेकर! ज्या भिडस्त चेहऱ्यावर प्रेक्षकाचा विश्वास बसला होता, तोच त्यांनी नरबळीच्या गोष्टीत उभा केला. मला हा त्यांचा सगळ्यात धीट निर्णय वाटतो.

‘ध्यासपर्व’ (2001) र. धों. कर्व्यांवर, म्हणजे संततिनियमनाच्या प्रचारापायी गणिताची प्राध्यापकी गमावलेल्या माणसावर. विषय आपल्या जवळचा, तरी तो मला जरा जास्तच आदराने केलेला वाटतो. ‘आक्रीत’ कुणाचीच भीड ठेवत नाही.

सिनॉप्सिस लिहायला बसलाय ना? मग आधी ‘गोलमाल’ बघा आणि लगेच ‘आक्रीत’. उलट्या क्रमाने नको, मजा जाईल.